वेक्स्डचा ‘डिजनरेट’: जड, प्रयोगशील डबस्टेपच्या एका पहिल्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डबस्टेप, म्हणजे खोल बेसवर उभा असलेला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार. त्याचं नाव काढलं की बहुतेकांना २०१० नंतरचं अमेरिकी, स्टेडियममधलं संगीत आठवतं. त्याच्या पाच वर्षं आधी लंडनमधून आलेला ‘डिजनरेट’ आपल्याकडे फार कमी लोकांनी ऐकला आहे. ज्यांनी ऐकला, त्यांतले बरेच दोन-तीन ट्रॅकनंतर थांबले. त्यांनी थांबू नये, आणि पुढे गेल्यावर नेमकं काय ऐकायचं हे त्यांना ठाऊक असावं, म्हणून ही प्रश्नोत्तरं.

हा अल्बम कोणाचा? कधीचा?

जेमी टीसडेल आणि रोली पोर्टर या दोन ब्रिटिश निर्मात्यांच्या जोडीचं नाव वेक्स्ड. ‘डिजनरेट’ हा त्यांचा पहिला अल्बम. तो २००५ मध्ये प्लॅनेट म्यू या लेबलवर आला. त्याआधी त्यांच्या काही बारा इंची रेकॉर्ड्स निघाल्या होत्या. सुरुवातीच्या रेकॉर्ड्स सबटेक्स्ट या छोट्या लेबलवर आल्या होत्या. सीडीच्या संचात दोन तबकड्या आहेत. पहिलीवर मूळ अल्बम आहे, तर दुसरीवर आधी सुटे निघालेले ट्रॅक.

प्लॅनेट म्यू हे माइक पॅराडिनास यांचं लेबल. ते स्वतः ‘म्यू-झिक’ या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करत आले आहेत. नाचाच्या संगीताला वाकवून, मोडून पाहणाऱ्या लोकांना या लेबलने नेहमी जागा दिली. त्यामुळे हा अल्बम तिथून आला याचं नवल वाटत नाही. मात्र त्याचा एक परिणाम झाला. डबस्टेपच्या गाभ्यातले लोक आणि घरी बसून इलेक्ट्रॉनिका ऐकणारे लोक, असे दोन वेगळे श्रोतृवर्ग या अल्बमकडे आले. दोघांच्या अपेक्षा वेगळ्या होत्या, आणि आजही याच्याबद्दल इतकी टोकाची मतं ऐकू येतात त्याचं मूळ तिथेच आहे.

२००५ मध्ये डबस्टेपची अवस्था काय होती?

अगदी लहान वर्तुळ होतं. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या बिग ॲपल या रेकॉर्डच्या दुकानाभोवती (ते २००४ मध्ये बंद झालं होतं) जमलेली मंडळी, २००१ पासून चालू असलेली ‘फॉरवर्ड’ ही क्लब-रात्र, रिन्स एफएम हे तेव्हा परवान्याविना चालणारं रेडिओ स्टेशन, टेम्पासारखी मोजकी लेबलं, एवढंच. ‘फॉरवर्ड’ पुढे शोरडिचमधल्या प्लास्टिक पीपल या क्लबमध्ये भरू लागली. तळघरातली छोटी, जवळजवळ अंधारी खोली आणि तिच्या मानाने फार मोठी साउंड सिस्टीम. २००५ मध्येच ब्रिक्स्टनला माला, कोकी आणि लोफा यांची ‘डीएमझेड’ ही रात्र सुरू झाली.

या मंडळींचा अल्बम या प्रकाराशी फारसा संबंध नव्हता. नवा ट्रॅक तयार झाला की त्याची डबप्लेट कापून घ्यायची, म्हणजे मऊ ॲसिटेटची एकच प्रत. ती काही डझन वेळा वाजवली की झिजते. ती डीजेच्या हाती द्यायची आणि ट्रॅक क्लबमध्ये कसा उतरतो ते बघायचं. बाजारात रेकॉर्ड आली तर आली. हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्सचा ‘इन फाइन स्टाइल’ २००२ मध्ये येऊन गेला होता, पण त्याची चाल टू-स्टेप गराजच्या, म्हणजे डबस्टेपच्या आधीच्या हलक्या, उसळत्या लंडनी नृत्यसंगीताच्या जवळची. बरिअल, स्क्रीम, कोड९ आणि स्पेसएप या सगळ्यांचे पहिले महत्त्वाचे अल्बम २००६ चे. म्हणजे या नव्या, जड वळणावर पूर्ण लांबीचा अल्बम कसा असावा याचा नमुना वेक्स्डसमोर जवळपास नव्हता. अल्बमचे गुणदोष मोजताना मी ही गोष्ट विसरत नाही.

लय हळू आहे की वेगवान? पहिल्यांदा ऐकताना पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही.

दोन्ही आहे. डबस्टेपचा वेग मिनिटाला साधारण १४० मात्रा. पण किक (मोठ्या ड्रमचा खालचा ठोका) पहिल्या मात्रेवर आणि स्नेअर (छोट्या ड्रमचा कडक ठोका) तिसऱ्या मात्रेवर पडतो. चार मात्रांचं आवर्तन सुमारे १.७ सेकंदांचं, त्यात स्नेअर एकदाच. त्यामुळे शरीराला वेग ७० चाच जाणवतो. ढोल-ताशा पथकात ताशाची तर्री झपाझप चालू असते आणि ढोलाचा ठोका मात्र संथ, भारी पडतो, तेव्हा आपण कधी एकाला धरतो तर कधी दुसऱ्याला. इथेही तेच करायचं. हाय-हॅट (छोट्या झांजांची टिकटिक) आणि तुटक्या तालवाद्यांना धरलंत तर संगीत धावतं, स्नेअरला धरलंत तर चालतं.

वेक्स्ड या दोन वेगांमध्ये श्रोत्याला सतत हेलकावे देतात. काही ट्रॅकमध्ये ग्राइमचा, म्हणजे लंडनच्या रॅपप्रधान संगीताचा अडखळता, चौकोनी ठेका आहे, काहींत ड्रम अँड बेस या वेगवान नृत्यसंगीतातून आलेले फोडलेले ब्रेकबीट, म्हणजे जुन्या रेकॉर्डवरून उचललेले ड्रमचे तुकडे. वर सांगितलेला एका स्नेअरचा संथ ठेका, म्हणजे स्वच्छ ‘हाफ-स्टेप’, सलग टिकत नाही. नाचणाऱ्याला ते अडचणीचं वाटू शकतं. मला मात्र अल्बमचं अर्धं आकर्षण यातच वाटतं.

यात ‘प्रयोग’ म्हणावं असं काय आहे? नुसता मोठा, घाणेरडा बेस तर नाही ना?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, म्हणून जरा सविस्तर.

त्या काळच्या डबस्टेपची ताकद रिकाम्या जागेत होती. लोफाचे ट्रॅक घ्या. एक किक, एक स्नेअर, खाली जवळजवळ शुद्ध साइन लहरीचा (वरचे स्वर नसलेल्या, गुळगुळीत आवाजाचा) सब-बेस, म्हणजे अगदी खालचा बेस, आणि मध्ये प्रचंड मोकळी जागा. ही जमैकाच्या डबची शिकवण आहे. किंग टबीने १९७० च्या दशकात मिक्सिंग डेस्कवर गाण्यातून वाद्यं काढून टाकत, उरलेल्याला प्रतिध्वनीत सोडत जे केलं, त्याची ही थेट वारसदार.

वेक्स्डनी ती रिकामी जागा घेतली आणि तिच्यात दाब भरला. त्यांचा बेस शुद्ध लहरीचा नाही. तो डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम बिघडवणाऱ्या प्रक्रियेतून जाऊन फाटलेला आहे, त्याला कडा आहेत, आणि तो एका ठिकाणी स्थिर राहत नाही. पुढे रूढ झालेल्या ‘वॉबल’मध्ये फिल्टर एका ठरावीक, तालबद्ध गतीने उघडझाप करतो. इथे तशी नियमित उघडझाप सहसा नाही. एकच स्वर लांबवर धरून ठेवतात आणि त्याचा पोत हळूहळू खरवडत बदलतात. याची मुळं ड्रम अँड बेसमधल्या ‘रीस’ बेसमध्ये आहेत. डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसनने १९८८ मध्ये ‘रीस’ या नावाने काढलेल्या ट्रॅकमधून तो आला. दोन स्वर किंचित बेसूर ठेवले की त्यांच्यातल्या फरकामुळे आवाज आतून हलू लागतो. नव्वदच्या दशकातल्या टेकस्टेपवाल्यांनी (ड्रम अँड बेसचा एक कठोर उपप्रकार) तो काळाकुट्ट केला. वेक्स्डनी त्याचा वेग निम्म्यावर आणला आणि त्या आवाजाला वावरायला वेळ दिला.

तालवाद्यांचंही तसंच. स्नेअर चामड्याचा वाटत नाही, पत्र्याचा वाटतो. त्याच्या मागे खोलीची गुंज आहे, आणि ती खोली प्रत्येक ट्रॅकमध्ये वेगळ्या आकाराची आहे. मला या अल्बमचा खरा प्रयोग तो वाटतो: बेस, ताल आणि अवकाश या तिन्हींना एकाच पदार्थातून घडवणं. ‘थंडर’ ऐका. त्यात सूर कोणता आणि ताल कोणता हे वेगळं काढायला गेलात तर हाती काही लागत नाही. सगळं मिळून एक वस्तू आहे आणि ती तुमच्या दिशेने सरकते आहे.

इंडस्ट्रियल संगीत, ग्राइम, जमैकाचं डान्सहॉल, टेकस्टेप या सगळ्यांचे तुकडे इथे आहेत. पण तुकडे ओळखत बसलात तर अल्बम निसटतो.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं तर चालेल का?

चालणार नाही. तरी इतर डबस्टेपपेक्षा हा अल्बम छोट्या स्पीकरवर जास्त टिकतो, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

सब-बेस साधारण ३० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथे पोचतच नाही. त्यामुळे शुद्ध साइन बेसचा ट्रॅक मोबाइलवर लावला तर फक्त किक-स्नेअर ऐकू येतात आणि ‘यात आहे काय?’ असा प्रश्न पडतो. डिस्टॉर्शन मात्र मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर तयार करतं: ४० हर्ट्झचा स्वर असेल तर ८०, १२०, १६० आणि पुढे. मूळ स्वर ऐकू आला नाही तरी वरच्या स्वरांवरून मेंदू त्याचा अंदाज बांधतो. वेक्स्डचा बेस असाच, अंदाजाने का होईना, पोचतो.

अर्थात अंदाजाने पोचलेला बेस अंगावर येत नाही. बरे, कान झाकणारे हेडफोन ही किमान गरज धरा. फोनमधला ‘बेस बूस्ट’ बंद ठेवा. या अल्बममध्ये खालचा पट्टा आधीच गच्च आहे, त्यात आणखी भर घातली की स्नेअरची धार बोथट होते.

घरी स्पीकर आहेत, वूफरही आहे. तरी बेस कधी घुमतो, कधी गायबच होतो. रेकॉर्डिंगचा दोष आहे का?

बहुतेक वेळा खोलीचा. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती मावत नाही. बारा फुटांच्या लांबीत पहिली स्थिर लहर साधारण ४७ हर्ट्झला तयार होते. त्या स्वराला भिंतींजवळ आवाज फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून मध्यावर खुर्ची टाकू नका, थोडं मागे किंवा पुढे सरका. वूफर कोपऱ्यात असेल तर बाहेर काढून बघा. गादी, पडदे, पुस्तकांचं कपाट यांनी वरचा आवाज शांत होतो, इतक्या खालच्या पट्ट्यावर त्यांचा परिणाम फारच थोडा. फरक पडतो तो तुम्ही कुठे बसता आणि वूफर कुठे ठेवता याने.

सुरुवात कोणत्या ट्रॅकने करावी?

‘थंडर’. त्यानंतर ‘गनमन’, मग ‘लायन’. हे तीन ऐकून काहीच हललं नाही, तर महिनाभर बाजूला ठेवा. पहिल्याच दिवशी अल्बम सलग ऐकण्याचा हट्ट मात्र करू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

सर्वांत मोठा दोष कोणता?

श्वास घ्यायला जागा कमी आहे. एकेक ट्रॅक घेतला तर बहुतेक सगळे पक्के, विचार करून बांधलेले आहेत. पण ते एकापाठोपाठ लावले की चौथ्या-पाचव्या ट्रॅकला कान थकतो. थकवा नुसत्या मोठेपणाचा नाही. डिस्टॉर्शनमुळे मधला पट्टा, जिथे आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो, तो सतत भरलेला राहतो. शिवाय डिस्टॉर्शनने आवाजाचे चढउतार दाबले जातात. लहान आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज कापला जातो. मोठ्या क्लबमध्ये हे खटकत नाही, कारण तिथे डीजे असा एखादा ट्रॅक दहा मिनिटांच्या संथ, मोकळ्या संगीतानंतर वाजवतो. अल्बममध्ये ती दहा मिनिटं कोणी दिलेली नाहीत.

याच्याशी जोडलेला दुसरा दोष बांधणीचा. बऱ्याच ट्रॅकचा आराखडा बारा इंची रेकॉर्डचा आहे: सुरुवातीला डीजेला मिसळता यावं म्हणून लांब प्रवेश, मग वातावरण, मग ड्रॉप (जिथे बेस आणि ताल एकदम कोसळतात), थोडी विश्रांती, पुन्हा ड्रॉप. घरी ऐकणाऱ्याला पुढच्या ड्रॉपची वेळ आधीच कळू लागते. ज्या संगीताची मदार धाकावर आहे, त्यात पुढचं कळणं फार महागात पडतं. ध्वनीच्या बाबतीत हे दोघे कमालीचे कल्पक, पण रचनेच्या बाबतीत त्यांनी मळलेली वाट सोडली नाही. याची मला खरोखर हळहळ वाटते. ज्या हातांनी असे पोत घडवले, त्यांना आराखडाही मोडता आला असता. दोघांनीही पुढे स्वतंत्रपणे ते करून दाखवलं.

तिसरं, भावनेचा पल्ला अरुंद आहे. धोका, राग, दडपण हेच फिरून फिरून येतात. काही ठिकाणी, विशेषतः ताल मागे सरतो तेव्हा, एखादी विषण्ण सुरावट डोकावते. ती थोडी जास्त वेळ राहिली असती तर पुढचा आघात दुप्पट लागला असता.

‘व्हीआयपी’ म्हणजे काय? दोन ट्रॅकच्या नावात ते आहे.

निर्मात्याने स्वतःच्याच आधीच्या ट्रॅकची केलेली नवी आवृत्ती. ‘जंगल’ (ड्रम अँड बेसचा आधीचा अवतार) आणि ड्रम अँड बेसच्या काळापासूनची ही रीत. ट्रॅक जुना झाला, सगळ्यांकडे पोचला, की निर्माता त्याचा बेस किंवा ताल बदलून नवी प्रत काढतो आणि जवळच्या डीजेंना देतो. इथे ‘पॉप पॉप’ आणि ‘लायन’ या आधीच्या ट्रॅकच्या अशा आवृत्त्या आहेत.

दुसरी तबकडी ऐकणं गरजेचं आहे का?

पहिली आवडली तरच. तिला अल्बमचा भाग न मानता टिपणवही मानावं. पण ज्याला निर्मिती शिकायची आहे त्याने मूळ ट्रॅक आणि त्याची व्हीआयपी आवृत्ती लागोपाठ जरूर ऐकावी. जोडीने काय ठेवलं, काय काढलं, बेस कुठे खरवडला हे स्पष्ट कळतं. एखाद्या शिकवणीपेक्षा ते जास्त शिकवतं.

दोन्ही तबकड्या एकत्र देण्याचा निर्णय मात्र मला पटत नाही. आधीच जड असलेल्या अल्बमवर आणखी जड संगीत लादलं गेलं. नव्या श्रोत्याला अल्बम कुठे संपला तेच कळत नाही, आणि स्ट्रीमिंगवर तर ही सरमिसळ अधिकच होते.

माणसाचा आवाज फारसा नाही. ही उणीव म्हणायची का?

या अल्बमपुरती नाही. आवाज येतात ते डान्सहॉलच्या धाटणीचे तुटक तुकडे म्हणून, ललकारीसारखे. गाणं म्हणून नाहीत. एखादा एमसी, म्हणजे संगीतावर शब्द म्हणणारा कलाकार घेतला असता तर सगळं लक्ष शब्दांकडे गेलं असतं आणि बेसचे सूक्ष्म बदल मागे पडले असते. कोड९ने ‘मेमरीज ऑफ द फ्यूचर’मध्ये स्पेसएपच्या खर्जातल्या शब्दांभोवती संगीत इतकं विरळ ठेवलं की आवाजच मुख्य वाद्य झाला. द बग म्हणजे केव्हिन मार्टिन यांनी २००८ च्या ‘लंडन झू’मध्ये जड बेसवर एकाहून एक ताकदीचे गायक-एमसी आणले आणि प्रत्येक ट्रॅकला वेगळा चेहरा मिळाला. ते दोन्ही मार्ग उत्तम आहेत, पण दोन्हींमध्ये संगीत आवाजासाठी जागा सोडून उभं आहे. वेक्स्डना जागा सोडायची नव्हती.

बरिअल किंवा स्क्रीमच्या पहिल्या अल्बमशी तुलना केली तर?

तिघांनी अल्बम नावाच्या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं दिली. स्क्रीमचा २००६ चा अल्बम म्हणजे एका तरुण निर्मात्याची सुरेल, मोकळी बाजू: रेगेचा गोडवा, बासरीसारखे सिंथ, हवेशीर ठेके. बरिअलने त्याच वर्षी पावसाचे, रेकॉर्डच्या खरखरीचे आणि दूरच्या गायनाचे थर लावून एका शहराची रात्र उभी केली. त्यात ट्रॅक वेगळे आठवत नाहीत, अल्बम आठवतो. ‘डिजनरेट’मध्ये उलट घडतं. अल्बम म्हणून तो विस्कळीत आहे, पण सुटे ट्रॅक इतके ठोस की एकदा लागले की डोक्यातून जात नाहीत.

अल्बम म्हणून बरिअल सरस आहे, यात मला शंका नाही. पण आवाजाच्या पदार्थावर कोणी जास्त धाडसाने काम केलं असं विचाराल तर मी वेक्स्डचं नाव घेईन.

हे सगळं पुढे स्क्रिलेक्सकडेच गेलं ना? म्हणजे ‘ब्रोस्टेप’चे, त्या अमेरिकी, स्टेडियममधल्या डबस्टेपचे हेच जनक?

हा समज खोडायला हवा. मधल्या पट्ट्यातला फाटका बेस दोन्हीकडे आहे, इतकंच साम्य. स्क्रिलेक्सच्या ऑक्टोबर २०१० च्या ‘स्केअरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स’कडे जाणारा रस्ता वेगळा होता. कोकीचे दातेरी वॉबल, कॅस्पा आणि रस्को यांनी २००७ मध्ये ‘फॅब्रिकलाइव्ह’ मालिकेसाठी केलेलं मिक्स, आणि त्यावर पॉप-इलेक्ट्रोची झगमगती रचना. तिथे ड्रॉप हे बक्षीस असतं. लोक त्याची वाट बघतात, तो आला की हात वर जातात. वेक्स्डच्या ट्रॅकमध्ये ड्रॉप आल्यावर सुटका होत नाही, पकड अधिक घट्ट होते.

खरे नातेवाईक शोधायचे असतील तर मागे बघा. बर्मिंगहॅमचे मिक हॅरिस, नेपाम डेथ या मेटल बँडचे माजी ड्रमर, यांनी १९९१ पासून ‘स्कॉर्न’ या नावाने संथ ठेक्यावर भयाण, खोल बेस रचायला सुरुवात केली होती. डबस्टेप जन्माला येण्याआधीच त्यातलं बरंच काही तिथे होतं.

मी मेटल ऐकतो. मला आवडेल का?

शक्यता चांगली आहे, विशेषतः डूम किंवा स्लज ऐकत असाल तर. एका स्वरावर ठाण मांडून बसणं, वजनाला गतीपेक्षा जास्त किंमत देणं, हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. गिटारच्या रिफसारखी स्पष्ट, लक्षात राहणारी ओळ मात्र शोधू नका. रिफ हवी असेल तर डिस्टन्सचा ‘माय डीमन्स’ (२००७, हाही प्लॅनेट म्यूवर) ऐका. त्याच्या बेसमध्ये मेटलची वळणं उघडपणे येतात.

तेव्हा लोकांनी कसं स्वीकारलं?

वर्तुळात वेक्स्डना मान होता. बीबीसी रेडिओ १ वर मेरी ॲन हॉब्स यांनी जानेवारी २००६ मध्ये ‘डबस्टेप वॉर्झ’ हा विशेष कार्यक्रम केला. डबस्टेप लंडनबाहेर आणि ब्रिटनबाहेर पोचलं त्यात या कार्यक्रमाचा मोठा वाटा मानला जातो. माला, स्क्रीम, कोड९ आणि स्पेसएप, हॅचा, लोफा, डिस्टन्स यांच्याबरोबर त्यात वेक्स्डही होते. म्हणजे ते काठावरचे प्रयोगवाले नव्हते, चळवळीच्या प्रतिनिधींत त्यांची गणना होत होती.

मग दुसरा अल्बम का नाही?

सुरू झाला होता, पूर्ण झाला नाही. दोघे वेगळ्या दिशांना गेले. त्या अपुऱ्या अल्बमची सामग्री आणि काही रीमिक्स मिळून २०१० मध्ये प्लॅनेट म्यूनेच ‘क्लाउड सीड’ काढला. तो ऐकताना वाईट वाटतं, कारण ‘डिजनरेट’मध्ये जे कमी पडत होतं ते तिथे यायला लागलं होतं: मोकळी जागा, मऊ आवाज, सावकाश बदलणारे रंग. संग्रह म्हणून तो तुकड्यातुकड्यांचा आहे, पण ज्यांना पहिला अल्बम गुदमरवणारा वाटतो त्यांनी तो आवर्जून ऐकावा.

पुढे पोर्टर यांनी २०११ मध्ये ‘आफ्टरटाइम’ काढला आणि ठेका जवळजवळ सोडूनच दिला. उरला तो फक्त ध्वनीचा भार, तंतुवाद्यांचे पोत आणि शांतता. ‘लाइफ सायकल ऑफ अ मॅसिव्ह स्टार’ (२०१३) आणि ‘थर्ड लॉ’ (२०१६) त्याच वाटेवरचे. टीसडेल यांनी ‘कुएडो’ या नावाने २०११ मध्येच ‘सेव्हरंट’ केला: चकाकते, उदास सिंथ आणि त्यावर भिरभिरणारे वेगवान हाय-हॅट. एकाने वजन घेतलं, दुसऱ्याने सूर घेतला. हे दोन अल्बम ऐकून परत ‘डिजनरेट’कडे या. कोणत्या ट्रॅकमध्ये कोणाचा हात असेल याचा अंदाज बांधता येत नाही, पण दोन स्वभावांची ओढाताण मात्र ऐकू येऊ लागते. माझ्या मते अल्बमचं तेज या ओढाताणीतूनच आलं आहे.

कानांना धोका आहे का?

संगीताचा प्रकार कोणताही असो, धोका पातळीचा आणि वेळेचा असतो. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची जुनी मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एकच तास. बेसप्रधान संगीतात फसगत होते, कारण खालचे स्वर मोठे असूनही कानाला तितके बोचत नाहीत आणि आपण आवाज वाढवत जातो. क्लबमध्ये किंवा मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीजवळ जाणार असाल तर इअरप्लग घाला. बेस छातीत आणि पोटात जाणवतो तो इअरप्लग घातले तरी जाणवतोच. घरी वूफर लावणार असाल तर शेजाऱ्यांचाही विचार करा. खालच्या पट्ट्यातला आवाज भिंतीतून सहज पलीकडे जातो, आणि तुम्हाला मध्यम वाटणारी पातळी त्यांच्या झोपेच्या खोलीत नुसती गुरगुर होऊन पोचते.

सलग ऐकायचा नसेल तर कसा ऐकायचा?

तीन-तीन, चार-चार ट्रॅकच्या बैठका करा. दोन बैठकांमध्ये काहीतरी मोकळं ऐका: पिंचचा ‘अंडरवॉटर डान्सहॉल’ (२००७) चांगला उतारा आहे. जमल्यास एक बैठक नुसत्या स्नेअरसाठी द्या, एक बेसच्या पोतासाठी, आणि एक मागे घुमणाऱ्या जागेसाठी. तिसऱ्या बैठकीत आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा. कमी आवाजात हा अल्बम फिका पडेल असं वाटतं, पण त्या वेळी त्यातले बारीक, धातूचे, दूरचे आवाज पुढे येतात. मोठ्या आवाजात ते बेसखाली दबून गेलेले असतात.